मामांचा सायब

आंबोलीतल्या कॉफीच्या बंगल्याचा इतिहास माझ्या नवऱ्याच्या मामांइतका कुणालाच ठाऊक नाही, कारण त्यातला बराचसा त्यांनी स्वतःच घडवला आहे. इंग्रजांच्या काळात एका सायबाने डोंगर साफ करून कॉफी लावली, आंबोलीच्या पावसाने ती कुजवली आणि सायब गाशा गुंडाळून मायदेशी गेला, एवढंच खरं. त्यातलं शेवटचं मामांना मान्य नाही. ‘‘जातलो खंय? हंयच आसा तो!’’ तरुणपणापासून ते एकटेच तो बंगला सांभाळतात आणि सायबाशी मालवणीत बोलतात. कौल फुटलं की आधी त्याला सांगतात, मग मुंबईच्या मालकाला. भाकरी करपली तर दोष सायबाचा, त्याने म्हणे चुलीत फुंकर मारलेली असते. एकदा मी माळा आवरायला घेतला, तर मोडकी आरामखुर्ची टाकू देईनात. ‘‘मग तो बसतलो खंय? तुझ्या डोक्यार?’’

गेल्या दिवाळीनंतर मालकाने बंगला विकायला काढला. विकला की मामांना घाट उतरून आचऱ्याला आमच्याकडे यावं लागणार होतं. मी लगेच खोली रंगवून घेतली, पलंग मांडला. त्यांनी विषयच काढू दिला नाही. हॉटेलवाला बंगला बघायला आला तेव्हा मी तिथेच होते. त्याला पिटाळून लावायचंच, असं मामांनी ठरवलं होतं. जिन्यावरची पावलं, बंद खोलीतला खोकला, सगळं त्यांनी इतकं रंगवलं की माझ्याच अंगावर काटा आला. गिऱ्हाईक मात्र खुलत गेलं. ‘‘वा! भुताचा बंगला! वर्षभर बुकिंग फुल्ल! आजच टोकन देतो!’’

मामांचा चेहरा पडला. त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं आणि कचेरीत बोलावं तशा शुद्ध मराठीत म्हणाले, ‘‘ते सगळं मी रचलेलं आहे. इथे कोणी नाही, कधी नव्हतं. छप्पर गळतं आणि जळवा आहेत, एवढंच.’’

‘‘मग काय उपयोग?’’ म्हणत गिऱ्हाईक गाडीत बसलं. पुढे मालकानेही विक्रीचा नाद सोडला.

मामा राहिले म्हणून मी हौसेने जत्रेतलं गुळाचं खाजं घेऊन गेले, तर स्वारी पडवीत पाय पसरून बसलेली, पुड्याला हात लावीना.

‘‘आता काय झालं?’’

‘‘सायब बोलणा नाय गो. तेच्या तोंडार सांगितलंय मी, तू नाय म्हणान.’’

‘‘मग समजूत घाला की त्याची.’’

‘‘रोज घालतंय.’’

दरीतलं धुकं वर येऊन पडवीत शिरलं. मामांनी पसरलेले पाय अलगद जवळ घेतले आणि वाट करून दिली.