बन्सीनानांची जुळवणी

बन्सीनानांनी जन्मात कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. लग्नं मात्र इतकी जुळवली होती, की पाथर्डी तालुक्यात कुठल्याही गावात गेले तरी जेवल्याशिवाय त्यांना कुणी उठू देत नसे. माझंही लग्न त्यांनीच जुळवलं. रेश्मा, म्हणजे माझी बायको, हे वाचणार आहे. म्हणून एवढंच लिहितो की नानांची जुळवणी सहसा चुकत नाही.

माझं पाथर्डीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझा स्वभाव तापट. गिऱ्हाइकानं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की माझा आवाज चढतो, हे गावाला ठाऊक आहे आणि तरीही लोक येतात, कारण दुसरा दुकानदार माझ्याहून वाईट आहे. नानांवर मात्र मला चिडता येत नाही. आषाढी एकादशी झाली की लग्नं थांबतात आणि नाना रिकामे होतात. अशाच एका रिकाम्या दुपारी ते दुकानात आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, चांगला दणकट कॉम्प्युटर पाहिजे.

मी म्हटलं, तयार घ्या, डोक्याला ताप नाही. त्यांनी विचारलं, जड कामाचं मशीन तयार मिळतं का? खरं बोलायची वाईट खोड मला आहे. म्हटलं, जड कामाला सुटे भाग निवडून घेतलेले बरे. एकमेकांशी जुळणारे भाग घ्यायचे आणि जोडायचे.

"जुळवायचे असतात व्हय?" नाना खुर्चीत सावरून बसले. "मंग ते आपलंच काम हाय."

हे जड काम कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती. निकिता ही नानांची एकुलती एक लेक. पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढते. पाहणाऱ्याला वाटावं, इमारत उभी आहे आणि गॅलरीत कपडे वाळत आहेत. तिशी ओलांडली तरी तिचं लग्न झालं नव्हतं. तालुक्याची लग्नं जुळवणाऱ्याच्या घरात हे असं, म्हणून लोक 'दिव्याखाली अंधार' म्हणायचे. तेही नानांच्या तोंडावर, त्यांनीच जुळवलेल्या लग्नाच्या पंगतीत बसून, दुसरा लाडू उचलता उचलता.

करोनात ऑफिसं बंद पडली तेव्हा निकिता गावी आली आणि वर्षभर राहिली. छबूबाई, म्हणजे नानांची बायको, त्याआधीच गेल्या होत्या. एकट्या नानांच्या घरात अचानक माणूस वावरायला लागलं. पुढच्या खोलीत निकिता लॅपटॉपवर टकटक करायची, नाना ओट्यावर बसून ऐकायचे. दुपारी दोघं मिळून भाकरी करायचे. तिच्या भाकरीचा नकाशा आणि नानांच्या भाकरीचा कोळसा व्हायचा. नाना आजही म्हणतात, जगावर एवढं मोठं संकट होतं आणि मला मात्र ते वर्ष संपूच नये असं वाटायचं. हे म्हणताना त्यांना लाज वाटते, पण ते म्हणतात.

मग ऑफिसं उघडली, ती पुण्याला गेली आणि येणं दिवाळीपुरतं उरलं. तेही पाहुण्यासारखं, बॅगेची चेन पूर्ण न उघडता. आता घरून काम करायची मुभा असते ना, मग इथून का करत नाहीस, असं नानांनी फोनवर विचारलं. ती म्हणाली, "नाना, आता माझं काम लॅपटॉपवर होत नाही. इथलं मशीन लागतं. बाराव्या जनरेशनचं आहे." नानांनी हे वाक्य धरून ठेवलं. मशीन इथं नाही, म्हणून लेक इथं नाही. मशीन इथं आलं की लेक येईल. त्यांना त्यात कुठेही खोट दिसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसली नाही.

खरेदीची त्यांची तऱ्हा सोयरिकीचीच. प्रत्येक भागाविषयी ते मला एकच विचारायचे, ह्याचं कुणाशी पटतं, कुणाशी न्हाई? मी सांगायचो. मोठं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्रं उमटवणारा भाग, मशीनच्या बारक्या डब्यात मावत नाही. ते मुळातच खादाड, त्याला वीज पुरवणारा पेटारा तेवढ्या ताकदीचा लागतो. रॅमच्या पट्टीची खाच मुख्य बोर्डावरच्या खाचेशी जुळावी लागते, जबरदस्ती केली तर दोन्ही मोडतात. नाना मान डोलवायचे. सासरी माणसं किती आणि घर केवढं, हे आधी बघावं लागतं, एवढंच ते म्हणायचे.

पण सगळं माझ्याकडून घ्यायला ते तयार नव्हते. एका माणसाच्या तोंडावर विसंबून सोयरीक करायची नाही, हा त्यांचा नियम. डबा, रॅम, ग्राफिक्स कार्ड माझ्याकडून घेतलं. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्या पाटीवर बसतात ती, त्यांनी नगरला कुणाकडून तरी वापरलेला पण चांगला उचलला. आणि प्रोसेसर, म्हणजे त्या पाटीच्या मधोमध बसणारा मशीनचा मेंदू, पुण्याला एका लग्नाच्या याद्या करायला गेले तेव्हा नवाकोरा आणला. मला दाखवा म्हणालो, तर म्हणाले, जोडायच्या दिवशीच दाखवीन, आधी दृष्ट लागते.

जोडायचा दिवस त्यांनी चांगला वार बघून ठरवला. निकिताला काही कळू दिलं नव्हतं. दुकानात सगळं मांडून झाल्यावर त्यांनी मला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. तिची जेवणाची सुट्टी होती. हातात पोळीचा घास तसाच राहिला. हे काय, तिनं विचारलं. नाना म्हणाले, तुजं मशीन. आणि ते माझ्या हाताकडे बघत बसले.

मी प्रोसेसर उचलला आणि बोर्डावर धरला. बसेना. बसणारच नव्हता, बोर्डावरची खाच चौकोनी आणि प्रोसेसर लांबट. बोर्ड दहाव्या पिढीचा होता, प्रोसेसर बाराव्या. या दोन पिढ्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. माझा आवाज चढला. म्हटलं, नाना, दुकानदारानं फसवलं तुम्हाला. नाना शांतपणे म्हणाले, कुणी फसवलं न्हाई, मीच मागून घेतला. जनरेशन म्हणजे पिढी, हे त्यांनी विचारून घेतलं होतं. प्रोसेसर बोर्डाच्या घरी नांदायला जाणार, म्हणजे बोर्ड हा मुलगा, आणि दहावी पिढी बाराव्या पिढीच्या आधीची, म्हणजे वयानं मोठी.

"मुलगा थोडा मोठाच पाहावा," नाना म्हणाले. "दोनाचंच अंतर ठिवलंय, जास्त न्हाई."

मी हसलो. निकिता तर इतकी हसली की तिला ठसका लागला आणि पाणी प्यावं लागलं. नानाही हसले, थोडे उशिरा. मग ती हसायची थांबली.

"नाना, वय बघितलं, किंमत बघितली, घराणं बघितलं," ती म्हणाली. "बसतंय का ते नाही बघितलं."

मला वाटलं, ती चेष्टाच करते आहे. नानांना बरोबर कळलं. त्यांचा चेहरा उतरला. तू तर मशीन नाही म्हणून येत नाही म्हणाली होतीस, एवढंच ते म्हणाले. मशीनचं खोटं नव्हतं, निकितानं सांगितलं. पण ती घरी आली की दुसऱ्या दिवशी दारात गाडी उभी. कुणाचा मामा, कुणाचा चुलता, कुणी सहज इकडून चाललो होतो म्हणणारा. करोनात वर्षभर ती राहिली, कारण त्या वर्षी कुठलाच पाहुणा घरी येऊ शकत नव्हता.

"मला घरी यायचं असतं, नाना. स्थळ म्हणून यायचं नसतं." एवढं बोलून तिनं सुट्टी संपल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.

नाना तो लांबट प्रोसेसर तळहातावर घेऊन बसले. जे वर्ष त्यांनी देवाची देणगी म्हणून जपलं होतं, त्याचं कारण आज त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, "म्हंजी इतकी वर्सं मीच तिला घरी येऊ दिलं न्हाई म्हना की." मी चहा सांगितला.

बोर्ड मी माझ्या ओळखीनं बदलून आणला. या वेळी पिढी बघितली, खाच बघितली, दोनदा बघितली. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा उजळला. नाना म्हणाले, झालं का? म्हटलं, झालं. निकिताला फोन लावू का विचारलं, तर ते नको म्हणाले. तिला तिच्या मनानं येऊ दे.

मशीन त्यांच्या पुढच्या खोलीत गेलं. त्यावर त्यांनी छबूबाईंचं एक धुवट लुगडं पांघरलं. फोनवर निकिताशी बोलताना ते पाऊसपाणी, शेजारची म्हैस, माझ्या दुकानातली भांडणं असं सगळं सांगायचे. कधी येतेस, हा एक प्रश्न सोडून. तो प्रश्न गिळणं त्यांना किती जड जात होतं, ते मला दिसत होतं. एकदा मला विचारलं, बंद ठेवलं तर बिघडतं का? म्हटलं, अधूनमधून चालू करा. तेव्हापासून ते रोज चालू करायला लागले. माऊस धरायचे नाहीत, काही नाही. मशीन घुमत राहायचं आणि नाना ओट्यावर जाऊन बसायचे. घरातून आवाज येतो, बरं वाटतं, असं त्यांनी मला सांगितलं. ते ऐकून मी दुकानात परत आलो आणि उगाच एका गिऱ्हाइकावर ओरडलो.

दसरा झाला, ऊसतोडीच्या गाड्या भरून निम्मं गाव कारखान्यांवर गेलं. उरलेल्या दारांना कुलपं आणि ओट्यांवर म्हातारी माणसं. दिवाळीला निकिता आली नाही, ऑफिसात काम होतं. तुळशीचं लग्न झालं आणि नानांचा हंगाम सुरू झाला. ते दुसऱ्यांच्या पोरी बघत, दाखवत, गावोगाव जीपनं हिंडायला लागले. एका संध्याकाळी निकिताचा मला फोन आला. विचारत होती, नानांच्या घरी इंटरनेट नीट चालेल का? मी म्हटलं, तू ये, न चालायला काय झालं. फोन ठेवला आणि लगेच वायर घेऊन गेलो. नाना कुठल्याशा बैठकीत होते. परतल्यावर त्यांनी ती वायर पाहिली आणि कशाची म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते कंदील पुसावा तसा मशीनचा पडदा पुसत राहिले.

निकिता एसटीनं आली. या वेळी बॅग मोठी होती. तिनं लुगडं बाजूला केलं, मशीन चालू केलं आणि कामाला बसली. नाना ओट्यावर. बिचारे चपलाही न वाजवता आत-बाहेर करत होते. कामात मधेच खंड नको म्हणून इन्व्हर्टर बसवायला दोनेक दिवसांनी मी तिथं गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

दारात जीप थांबली. शिरूरकडचे पाहुणे, मुलाचा चुलता, मामा आणि आणखी एक नुसताच बरोबर आलेला. मुलगा इंजिनीअर, पुण्यातच नोकरी, घरची बागायत. वर्षापूर्वी असं स्थळ चालून आलं असतं तर नाना अनवाणी सामोरे गेले असते. आजही त्यांनी पाणी दिलं, अंगणात खाटा टाकल्या, चहा केला. आत मात्र कुणाला बोलावलं नाही. चुलत्यानं घसा साफ केला आणि म्हटलं, लेक आलीय असं कळलं. उभ्या उभ्या बघून जातो, रीतसर मागून येऊ.

मी हातातला पाना खाली ठेवला. नाना कपबशीकडे बघत होते. स्थळ चांगलं होतं, ते त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं.

"पावनं, आमच्याकडं द्यायची मुलगी न्हाई," नाना म्हणाले.

चुलता गोंधळला. आतून कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. त्यानं दाराकडे हात केला. "मंग आत कोन हाय?"

"माजी लेक हाय," नाना म्हणाले. "कामात हाय."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, चहा संपवला आणि रामराम करून उठले. नाना त्यांना जीपपर्यंत पोचवून आले. आतली टकटक थांबली होती. निकिता दारात येऊन उभी होती, कानावरचे हेडफोन गळ्यात. किती ऐकलं, मला माहीत नाही. ती बापाकडे बघत होती आणि तिला काहीतरी बोलायचं होतं.

"नाना," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात पण येऊ का?"

नाना ओट्यावर बसले. लेकीला आपल्याच घरी यायला विचारावं लागतंय, हे त्यांना लागलं, आणि ते कुणामुळं हेही त्यांना ठाऊक होतं.

"इचारू नगंस, निकिते," ते म्हणाले. "नुसती येत जा."