जाम्फीच्या मित्राची गाडी

घानातल्या कुमासी शहराच्या टाफो नाक्यावर जाम्फीला ओळखत नाही असा ड्रायव्हर सापडायचा नाही, कारण जाम्फी कोणाला तशी सवडच देत नसे. वय अठ्ठावन्न, विधुर, पोट सुटलेलं, आणि तोंडी एकच विषय, आपली ट्रोट्रो, म्हणजे वडापची गाडी. बावीस वर्षं गाडी माणसं वाहतेय, पण एकाही फिटरचा हात तिला लागलेला नाही, असं तो शपथेवर सांगायचा. मागच्या काचेवर त्याने ठळक अक्षरांत रंगवूनच घेतलं होतं, ‘डॉक्टर नको’.

आता ही गाडी दर दोन फेऱ्यांना डबाभर पाणी पीत होती, ती गोष्ट वेगळी. सीटखाली पाण्याचे पाच पिवळे डबे कायम भरलेले असत आणि उतारू बिचारे गुडघे हनुवटीला लावून बसत. कोणी विचारलंच तर जाम्फी म्हणे, उन्हाळा आहे, तहान लागते तिला. भर पावसातही तो हेच म्हणे.

पोकुआची फुफूची, म्हणजे कुटलेल्या कंदाचे गोळे आणि रस्सा यांची, खाणावळ नाक्यावरच होती. तीही विधवा, हाताला चव आणि जिभेला धार. वर्षभर दोन्ही वेळा तिच्याकडे जेवल्यावर जाम्फीने एकदाचं तिला लग्नाचं विचारलं. ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. टोमॅटोच्या डब्यांचं एक रिकामं खोकं तिने फाडून चपटं केलं आणि दारात उभ्या असलेल्या त्याच्या गाडीखाली सरकवलं. जाम्फीचं जेवण होईतो खोक्यावर तांबूस पाण्याचं तळं झालं होतं.

“पुढून गळतंय, बरोबर पंख्याखालून,” ती म्हणाली. “रोज संध्याकाळी मीच पुसते ना ते. ज्याला स्वतःच्या गाडीची गळती दिसत नाही, त्याला माझ्या घरातलं काय दिसणार?”

मग तिने अट घातली. येत्या शनिवारी माम्पाँगला माझ्या थोरल्या भावाकडे, ओबेंगदादाकडे, रीतीप्रमाणे दारूची बाटली घेऊन मागणी घालायला या. पण याच गाडीतून, आणि वाटेत पाण्याला न थांबता. दादा हो म्हणाला तर माझं हो. नाही म्हणाला तर खाणावळीत जेवा, घरात नको.

जाम्फी त्या रात्री झोपला नाही. फिटरकडे जायचं म्हणजे बावीस वर्षांची अब्रू मातीत. म्हणून आधी घरगुती औषधं झाली. कोणा दीडशहाण्या ड्रायव्हरने सांगितलं म्हणून त्याने रेडिएटरमध्ये ओंजळभर गारी ओतली. गारी म्हणजे कसाव्याचा भाजका रवा, पाण्यात फुगतो, भोक आपसूक बुजेल, असा हिशोब. मग गाडीखाली शिरून त्याने पाण्याच्या पंपाच्या बुडाचं एक बारीकसं भोक शोधून काढलं, थेंब तिथूनच पडत होते, आणि त्यात कपड्याचा साबण कोंबला. दुसऱ्या दिवशी केजेटियाच्या भर बाजारात गाडीच्या तोंडाला फेस आला. उतारू दारातून उतरले, काही खिडकीतून. एक फिरता प्रवचनकार तिथेच होता, त्याने गाडीतलं भूत काढायला बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट तव्यासारखं तापलं होतं. पुढे तो जे काही बोलला ते कुठल्याच धर्मग्रंथात नाही.

तेव्हा कुठे जाम्फी गुरुवारी सुआमेला गेला. सुआमेत सगळे फिटरच, बॉनेट बंद असलं तरी पाचजण येऊन दुखणं सांगतात. जाम्फीने मागच्या काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं, टोपी डोळ्यांवर ओढली, अगदी कोपऱ्यातली एक शेड गाठली आणि सांगितलं की गाडी माझ्या मित्राची आहे.

त्या शेडवाल्याला सगळे नुसतं मास्टर म्हणायचे. त्याचं नाव ओबेंग आणि गाव माम्पाँग, हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकलेलं बरं. जाम्फीला मात्र पत्ता नव्हता. माझा दादा सुआमेत फिटर आहे, हे पोकुआने त्याला दहा वेळा सांगितलं असेल. पण विषय आपल्या गाडीचा नसला की जाम्फीचे कान नुसते शोभेला.

मास्टरने इंजिन चालू केलं, पाहिलं, बंद केलं. मग पंख्याचं पातं धरून हलवलं. पंखा पंपासकट खुळखुळला. पंप गेला, सील गेलं, बेअरिंगही गेलं, असं सांगून त्याने ते बुजवलेलं भोक बोटाने दाखवलं.

“हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गेलं की पाणी इथून बाहेर येऊन मालकाला सांगतं, बाबा रे, बघ. तुझ्या मित्राने सांगणाऱ्याच्याच तोंडात बोळा कोंबलाय.”

पाणी काढायला खालचा पाइप सोडला, तर गारी बाहेर आली. मास्टरने ती चिमटीत घेऊन पाहिली.

“यात रस्सा घालायचा तेवढा राहिलाय. तुझा मित्र जन्मतःच गाढव आहे, का त्याने मेहनत घेतली?”

“मेहनत घेतली,” जाम्फी खाली मान घालून म्हणाला.

दुपारभर हेच चाललं. पट्टा सैल केला, पंखा काढला, बोल्ट काढून ओळीने मांडले, कारण त्यांतला एक लांब होता. पंप निघाला. जुना चिकटा खरवडला, जाड कागद नव्या पंपाच्या तोंडावर ठेवून कडेकडेने हातोडीने ठोकून गॅस्केट कापलं, नवा पंप बसवला, रेडिएटर तीनदा धुतला. दर बोल्टामागे मित्राला एक शिवी. शेवटी न राहवून जाम्फी म्हणाला की तसा तो मनाने चांगला आहे.

“असेल. पण चूक कबूल करत नाही अशा माणसाला मी माझी बहीण देणार नाही,” मास्टर म्हणाला.

यावर शेडमधली पोरं हसली, आणि जाम्फी सगळ्यांत मोठ्याने.

शनिवारी ठेवणीतलं वस्त्र पांघरून, दोन काका आणि बाटली घेऊन जाम्फी निघाला. माम्पाँगपर्यंत गाडीने थेंबभर पाणी मागितलं नाही. अंगणात पोकुआ तसंच एक चपटं खोकं घेऊन उभीच होती. तिने ते गाडीखाली सरकवलं आणि आत गेली. काका वाट बघत राहिले आणि जाम्फी भर उन्हात गाडीखाली शिरून त्या खोक्यावर उताणा पडला, वर पंपाकडे बघत. जरा वेळाने बाहेर आला, वस्त्र झटकलं आणि आत गेला.

आत मास्टर बसला होता.

जाम्फी काकांच्या पाठीमागे सरकला. काकांना यातलं काय माहीत? पाणी पिऊन झालं, येण्याचं कारण विचारून झालं, आणि थोरल्या काकांनी रीतीप्रमाणे सुरुवात केली, तुमच्या बागेत एक सुंदर फूल आमच्या मुलाच्या नजरेस पडलं आहे. ओबेंगने हात वर केला.

“फूल राहू द्या. यांच्या त्या मित्राचं कसं काय?”

काका एकमेकांकडे बघू लागले. मित्र मजेत आहे, एवढं म्हटलं असतं तर बावीस वर्षांची अब्रू वाचली असती. पोकुआ दारात उभी होती. जाम्फीने तिच्याकडे पाहिलं.

“मित्रबित्र कोणी नाही. गाडी माझी. गारी मी घातली, साबणही मीच.” मग तो आणखी म्हणाला, “आणि तहानबिहान काही नव्हती. गळतच होतं.”

“मित्र आला असता तर बाटली परत पाठवली असती,” ओबेंग म्हणाला. “तुम्ही आलात ते बरं झालं.” मग रीतीप्रमाणे तो बहिणीकडे वळला, तिला तीनदा विचारायचं असतं. “घेऊ का बाटली?”

पोकुआ बाहेर गेली आणि खोकं घेऊन आली. त्यावर पाठीएवढा ओला डाग होता.

जाम्फीच्या तोंडचं पाणी पळालं. ओबेंग तर उठूनच उभा राहिला, काम त्याच्या हातचं होतं. पोकुआने खोकं नाकाशी नेलं.

“हे पंपाचं नाही,” ती जाम्फीला म्हणाली. “हा तुमचा घाम. गाडीखाली झोपला होतात ना?”

जाम्फीने मान डोलावली. या वेळी त्याने मित्राचं नाव घेतलं नाही.

“अजून दोनदा विचार, मी तेच सांगणार,” पोकुआ भावाला म्हणाली. “घे दादा बाटली.”