वसुबारसेची दुसरी गाय

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपच्या आमच्या मराठी मंडळात शामलाताईंना सगळे ‘गायवाल्या ताई’ म्हणतात. त्या नवऱ्यामागून डिपेंडंट व्हिसावर इथे आल्या. सातव्या वर्षी नवरा, श्रीकांत, दुसरीकडे राहायला गेला. त्याआधी वर्षभर तो घरात खोटंच बोलत होता. “तुला वाईट वाटू नये म्हणून,” एवढंच त्याचं उत्तर.

ताई पुण्याला परतल्या नाहीत. गावाची शेवटची घरं संपतात तिथे वाउटर नावाच्या विधुर शेतकऱ्याचा गोठा आहे. तिथे त्या दूध काढायच्या कामाला लागल्या. कोथरूडची बाई, तोवर दूध पाहिलं ते पिशवीतलं!

दर वसुबारसेला आम्ही पूजेला तिथेच जातो. डेअरीत वासरं आईपासून वेगळी ठेवतात. वाउटर त्या संध्याकाळपुरतं एक वासरू आणून क्लारा नावाच्या म्हाताऱ्या गायीशेजारी उभं करतो. क्लारा ताईंची लाडकी. यंदा पुण्याला जाताना त्यांनी वाउटरकडून वचन घेतलं होतं, मला विचारल्याशिवाय तिला कत्तलखान्यात किंवा कुठेही पाठवायचं नाही.

त्या परतल्या ते नेमक्या वसुबारसेला. आम्ही दोघी-तिघी लवकर पोचून रांगोळी काढत होतो. क्लाराच्या जागी तिच्यासारखीच गाय होती, गळ्यात क्लाराचाच पट्टा. गायीच्या पायांवर पाणी घालायला ताई वाकल्या आणि त्यांनी तांब्या खाली ठेवला.

“ही कोण?”

वाउटर स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. “क्लारा उठेना झाली. डॉक्टर म्हणाले, आता तिचे हाल नकोत.”

“आणि पट्टा हिला घातलास? मला कळणार नाही?”

“कळणार होतं. सण तरी होऊ दे म्हटलं. तुला वाईट वाटू नये म्हणून.”

श्रीकांतचंच वाक्य! मंडळातली शैला माझ्या कानात पुटपुटली, “सगळे एकाच शाळेत शिकलेत मेले.”

पण वाउटर तर आमच्यातल्या मंजूषाच्या शंकरपाळ्यांना तोंडावर ‘दगड’ म्हणणारा माणूस!

“फोन हातात घ्यायचो, ठेवून द्यायचो,” तो म्हणाला. “कळल्यावर तू तिकडेच राहिलीस तर? दूध काढायला माणसं मिळतात, शामला. मी त्याबद्दल बोलत नाहीये.”

आमची रांगोळी तिथेच थांबली. ताई रागावल्या होत्या, आणि लाजल्यासारखे त्यांचे कानही लाल झाले होते. “हाकलावं की जेवायला बोलवावं, कळेना गं,” असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

त्या वेळी त्यांनी फक्त गायीचा पट्टा काढला. “ही कधी जाणार? खरं सांग.”

“दूध आटलं की. दोन वर्षं. कदाचित त्याआधीही.”

“तेव्हा आधी मला सांगायचं. मी रडले तरी.”

“सांगेन.”

एवढ्यात मंडळी आली. ताईंनी सगळ्यांना सरळ सांगितलं, “ही क्लारा नाही. ती गेली.”

शैलाला राहवेना. तिने वाउटरकडे बोट केलं. “आणि हे कोण म्हणायचे? मालकच ना अजून?”

“थांब गं, मलाच अजून कळलेलं नाही.” मग वाउटरकडे वळून त्या म्हणाल्या, “बूट काढ. पूजेला उभा राहा इथे.”

ओल्या सिमेंटवर तो मोज्यांनिशी ताईंशेजारी येऊन उभा राहिला. दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.