बडीशेपेच्या वासाचं सोंग

केमिकल कारखान्यांच्या गराड्यातल्या बोईसरच्या माणसाला सकाळी हवा कशी आहे विचारा, तो आभाळाकडे बघतच नाही. तो नाकाने उत्तर देतो. "आज वास हाय" म्हणाला की खिडक्या बंद, "वास नाय" म्हणाला की सगळं झकास. मी सांगलीहून इथे नोकरीला आले तेव्हा हसायचे. मग मलाही तीच सवय लागली. आमच्या कंपनीच्या सरांनी याच सवयीचा फायदा उठवला, आणि ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही वाकणारे सोलर सेल बनवायचो. काच नाही, जड चौकट नाही. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर पॉलिमरची शाई पसरायची आणि सुकवायची, बस्स. पाड्यावरच्या कुडाच्या घराला काचेचं पॅनल पेलत नाही, ही फिल्म पेलली असती. गोची एकच होती: ते पॉलिमर विरघळायचं क्लोरोबेंझिनमध्ये, आणि ते रोज नाकातोंडात जाणं म्हणजे डोक्यापासून लिव्हरपर्यंत सगळ्याची वाट. म्हणून मी पॉलिमरच्या रेणूला लांब शेपट्या जोडत बसले. जमेना, पुन्हा जोडल्या. शेवटी एकदाचं ते अ‍ॅनिसोल नावाच्या दुसऱ्या द्रवात विरघळलं. अ‍ॅनिसोल त्या मानाने फार गरीब, 'ग्रीन' म्हणावं असं, आणि वास? थेट बडीशेपेचा! फिल्मवर शाई पसरणाऱ्या कोटिंग मशीनवर शेजारच्या सालवड गावच्या एक ताई होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, हाटेलात जेवून भायेर पडल्यावानी वाटतंय." आम्ही दोघी पोट धरून हसलो. तरी मास्क आणि पंखा सोडायचा नाही, असं मी त्यांना बजावलं होतं.

फक्त फिल्म सुकायला वेळ लागायचा. सरांना तेवढंही सोसेना. "पाहुणे कंपनी बघायला येणार आहेत, स्पीड वाढवा," हेच त्यांचं तुणतुणं.

मी आठवडाभर रजेवर गेले. परत आले तर फिल्म भराभर सुकत होती आणि मीटरवर वीजही जास्त दिसत होती. वेड्यासारखी खूश झाले मी! तेवढ्यात ताई म्हणाल्या, "माझं डोकं लय जड झालंय ओ. मळमळतंय पन. वास तर बडीशेपेचाच हाय." मी चमकले. अ‍ॅनिसोल इतक्या लवकर उडतच नाही. शाईचा डबा उघडला. वर बडीशेप होती, पण तिच्याखालून कडू बदामासारखा तो जुना वास आलाच. क्लोरोबेंझिन! अ‍ॅनिसोल घातलं होतं नुसतं वासापुरतं. आणि ताईंच्या तोंडाला मास्क नाही, पंखाही बंद. का, तर सरांनीच सांगितलं होतं, तोंड उघडं असलं की पाहुण्यांना फोटोत बरं दिसतं आणि पंखा बंद असला की बडीशेपेचा वास टिकतो म्हणून. माणूस आहे की कोण हा!

सर आलेच मागून. मी विचारलं तर हसत म्हणाले, "अहो, थोडं मिक्स केलंय. ग्रीन ते ग्रीनच. ताईंनाच विचारा, त्यांना काही त्रास आहे का?"

माझा ताबा सुटला. डबा उचलला आणि त्यांच्यासमोर धरला. "या ना सर, जवळ या. घ्या वास. बडीशेपच आहे ना? घ्या की!"

ते झटकन मागे सरले. रुमाल काढून नाकाला लावला आणि थेट दारापर्यंत गेले.

ताई त्या रुमालाकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "ताई, हे जुनंच आहे. तुम्हाला फसवलंय." त्यांनी लाल बटण दाबलं, मशीन थांबलं. हातमोजे काढून टेबलावर आपटले. आजवर सरांना 'साहेब, तुमी' याशिवाय हाक न मारलेली ती बाई दाराकडे वळून म्हणाली, "ये इकडं. तूच चालव आता."