शाळेपेक्षा मोठी म्हैस

'गटानं काम करा' असं कुणी म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं. नातवंडांच्या शाळेतून असलं काहीतरी सारखं येत असतं. मग चार मुलं आमच्या घरी जमतात. एक मान मोडून काम करतं, दोघं कागद कापतात आणि चौथं चिवडा खात बसतं. गुण मात्र सगळ्यांना सारखे. मी चिडतो. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला पोरांचा गोंगाट सहन होत नाही. गोंगाटाचं मला काही नाही. त्या चौथ्या मुलाकडं माझ्यानं बघवत नाही.

मी कळंबच्या हायस्कुलात नववीला होतो. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं शाळेला अजून मदरसाच म्हणायची. सरकारी योजनांचे दिवस होते ते. जो पुढारी यायचा तो आदर्श गावावर बोलायचा. शाळेच्या प्रदर्शनासाठी गुरुजींनी आम्हाला तोच विषय दिला. चौघाचौघांनी मिळून मातीचं आदर्श गाव करायचं, आणि गटाला जे गुण पडतील ते चौघांना सारखे.

गट गुरुजींनीच पाडले. माझ्या गटात एक सुताराचा मुलगा होता, त्याच्या हातात खरंच कसब होतं. दुसरा आडत दुकानवाल्याचा, घरी कानडी बोलणारा. फळी, रंग, खिळे सगळं त्याच्या दुकानातून यायचं. तिसरा मी. आणि चौथा बाजारातल्या मापाड्याचा मुलगा. त्याचे वडील आडतीत पायलीनं धान्य मापून द्यायचे.

हा चौथा म्हणजे एक नंबरचा कामचुकार. आम्ही नदीवरून टोपल्यांनी माती आणायचो आणि हा शाळेमागच्या भिंतीवर पाय सोडून पेरू खात बसायचा. मी टोपली खाली टाकली की वडिलांच्या सुरात ओरडायचा, "लाभ…" मापाडी एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. दुसरी टाकली की "दोऽन…" तिसरीला "तीऽन…" सूर इतका हुबेहूब की आडतवाल्याचा मुलगा हसून हसून खाली बसायचा आणि काम तिथंच थांबायचं. हसू मलाही यायचं, पण टोपल्या माझ्या डोक्यावर असायच्या.

त्याच्याकडं रस्त्याकडेची झाडं दिली होती. लिंबाच्या चार डहाळ्या आणून त्यानं मातीत खोचल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माना टाकल्या. मी मात्र विहिरीवर जीव टाकला होता. मातीत पेला पुरून पाणी भरलं होतं, वर दोन काड्यांवर आईच्या दोऱ्याचं रिकामं रीळ बसवलं होतं आणि मलमाच्या नळीचं टोपण पोहरा म्हणून बांधलं होतं. रीळ फिरवलं की टोपण खरोखरीचं पाणी घेऊन वर यायचं. असं काम दुसऱ्या कुठल्या गटात नव्हतं.

शेवटी मी गुरुजींकडं गेलो. म्हटलं, "गुरुजी, काम आमी तिघांनी करायचं आन् गुण चौघांना, हे बरोबर न्हाय."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "ठीक आहे. प्रदर्शनाच्या दिवशी ज्यानं जे केलं ते त्यानं स्वतः पाहुण्यांना दाखवायचं. ते बघून मी गुण देईन."

मला कोण आनंद झाला! मी धावत येऊन भिंतीवरच्या त्या महाराजांना सांगितलं, "आता काय दाखवशील रं?"

"ह्या तिघांना म्या कामाला लावलं म्हनून सांगंन," तो म्हणाला आणि पेरूचा देठ त्यानं माझ्याकडं फेकला.

पण ते त्याला लागलं असावं. दुसऱ्या दिवशी तो भिंतीवर चढला नाही. मातीचा मोठा गोळा घेऊन कोपऱ्यात बसला आणि दिवे लागेपर्यंत मान वर केली नाही. उठला तेव्हा त्यानं एक म्हैस केली होती. पोट माठासारखं, मानेचा पत्ता नाही, एक शिंग वर तर दुसरं खाली. आणि आकार केवढा, तर आमच्या मातीच्या शाळेच्या छपरावरून तिचं तोंड दिसत होतं! ती त्यानं शाळेच्या दारात नेऊन उभी केली. आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला, पण म्हशीला हात लावू देईना.

"म्हस मोटीच असती," तो म्हणाला.

त्यानंतर तो शाळेत आला नाही. ताप आला होता. दोन-तीन दिवसांनी गुरुजी गाव बघायला आले आणि म्हशीपाशी थबकले. "ही काय शाळा गिळणार आहे का? काढा ती." गुरुजींचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. प्रदर्शनात तिचं हसंच झालं असतं. तो बरा होऊन आला की दुसरी करील, बेतशीर, असं आम्हाला वाटलं. सुताराच्या मुलानं ती बादलीत भिजत टाकली. मला विहिरीच्या कट्ट्याला माती कमी पडत होती, तिथं मी तीच वापरली.

ताप मुदतीचा निघाला. दवाखाना झाला, देवऋषी झाला, आणि एका सकाळी मापाड्याचा पोरगा गेला असं बाजारातून कळलं. शाळा दिवसभर बंद राहिली. मग पुन्हा भरली.

उरलेलं काम आम्ही तिघांनी पुरं केलं. भिंतीवर कुणी बसलेलं नव्हतं, टोपल्या मोजणारं कुणी नव्हतं, म्हणून काम फार लवकर झालं. त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं. लोक सांगायला लागले, काय गुणी पोर होतं, किती कष्टाळू. मला राग यायचा. तो कष्टाळू नव्हता. कामचुकार होता, मेल्यावरही कामचुकारच, आणि मला तो तसाच परत हवा होता.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही आपापल्या कामापाशी उभे राहिलो. घरांपाशी सुताराचा मुलगा, शाळेपाशी आडतवाल्याचा, विहिरीपाशी मी. झाडांपाशी कुणी नव्हतं. सरकून ती जागा भरून काढावी असं तिघांपैकी कुणालाच वाटलं नाही.

दुपारी त्याचे वडील आले. बाजारातून तसेच आले होते, पटक्यावर धान्याचा भुसा होता. देवळात जावं तशा वहाणा त्यांनी दाराबाहेर काढल्या. आमच्या गावापाशी येऊन ते उकिडवे बसले आणि एका कडेपासून बघायला लागले. गोठ्यात बघितलं, शाळेच्या मागं बघितलं.

"लेकरांनो, म्हस कुठंय ह्यात?"

सुताराच्या मुलानं मान खाली घातली.

"तापात बी त्येच बोलत व्हता. आबा, म्या म्हस केलीया, मदरशाच्या दारात हुबी हाय, बघाया या म्हनला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, ही विहीर त्यानं केली." दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "रीळ फिरवून बघा की."

त्यांनी एका बोटानं रीळ फिरवलं. टोपण पाणी घेऊन वर आलं. आयुष्य मापण्यात गेलेला हात तो. त्यांनी ते थेंबही न सांडता परत खाली सोडलं.

"लई झकास हाय," ते म्हणाले. "पर ही त्येची न्हाय. त्येच्या हातानं असं व्हत न्हवतं, मला ठावं हाय की. म्हस तेवडी त्येची."

माझ्याजवळचं सगळ्यात चांगलं ते मी देऊन बसलो होतो आणि त्यांना ते नको होतं. सुताराचा मुलगा रडायला लागला. मग मी खरं ते सांगितलं. "काका, म्हस मोडली. तिची माती ह्या कट्ट्याला लावलीय."

"हितं?"

"व्हय."

त्यांनी विहिरीच्या कट्ट्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. पाहुणे मागं येऊन थांबले, गुरुजीही आले, पण त्यांना उठा असं कुणी म्हणालं नाही. मग ते आपणच उठले. "बरं बाबा," म्हणाले, आणि बाहेर जाऊन वहाणा घातल्या. त्यांच्या हाताला कट्ट्याचा पांढरा रंग लागला होता.

गुरुजींनी चौघांना सारखे गुण दिले. वर्गात चारही नावं वाचली. ह्या वेळी मी तक्रार घेऊन गेलो नाही. ते बरोबर होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या पोळ्याला घरी मातीचे बैल झाले. उरलेल्या मातीची मी म्हैस करायला बसलो. पोट मोठं केलं, मान ठेवली नाही, एक शिंग वर, एक खाली. पण कशी कोण जाणे, बोटं आपोआप सारखं करत जायची. मान यायची, शिंगं जुळायची. मोडली, पुन्हा केली, पुन्हा मोडली. शेवटी उभी राहिली ती चांगली सुबक म्हैस होती.

तीच फडक्यात गुंडाळून मी बाजारात गेलो. आडतीच्या दारात ज्वारीची रास पडली होती आणि काका माप घालत होते. "लाभ… दोऽन… तीऽन…" भिंतीवरचा सूर तो हाच. मी कोपऱ्यावर उभा राहून ऐकत राहिलो. ही म्हैस त्याची नव्हती, आणि हातात घेतल्याबरोबर त्यांना ते कळलं असतं. फडकं न सोडताच मी घरी परत आलो.