पोकळ तुळई

माझा धंदा खोटं खरं दिसावं असं करून देण्याचा आहे. हे आता मी मोकळेपणाने सांगतो. पूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. केडगावला माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. गेली काही वर्षं लोकांना लाकूड नको असतं, लाकडाचं दिसणं हवं असतं. सिमेंटच्या कठड्याला ओंडक्यांचा आकार पाहिजे, फरशीवर सागाच्या रेषा पाहिजेत, प्लास्टिकच्या खुर्चीवरसुद्धा वेताची वीण पाहिजे. मी नाकं मुरडतो आणि करून देतो. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. प्लायची पेटी करायची, तिच्यावर सागाचा पापुद्रा चिकटवायचा, वाकसाने तासल्याच्या खुणा छिन्नीने काढायच्या, बारीक ड्रिलने कीड लागल्याची भोकं पाडायची. बघणाऱ्याने येऊन हात फिरवला आणि ‘जुनं लाकूड दिसतंय’ म्हटलं की मला दिवसभर पुरतं.

सावेडीतले गुरुजी माझ्याकडे आले ते मोबाईलमधला एक फोटो आणि कापडी पिशवी घेऊन. जन्मभर पाथर्डीकडच्या शाळांत शिकवलं, निवृत्तीनंतर सावेडीत छोटा बंगला बांधला. फोटोत त्यांच्या गावाकडच्या माळवदाच्या घरातली तुळई होती, म्हणजे छत तोलून धरणारं आडवं जाड लाकूड. घर पाडलं तेव्हा ती आतून भुसा झालेली निघाली. पिशवीत तिच्या दोन लोखंडी कड्या होत्या. हॉलमध्ये अशीच तुळई पाहिजे, म्हणाले, आणि तिला याच कड्या पाहिजेत.

मी त्यांना समजावलं की वर सिमेंटचा स्लॅब आहे, त्याला तोलायला काही लागत नाही. तुळई फक्त दिसायला असेल, पोकळ असेल. ते हो म्हणाले. कड्यांचं मात्र आमचं नीट बोलणं झालं नाही. कडीने खरंच भार धरायचा तर स्लॅबमध्ये भोक पाडून लांब बोल्ट आत न्यावा लागतो. तेवढ्या लांबीचं ड्रिल त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं आणि वास्तुशांत दोन दिवसांवर आली होती. मी चार-चार स्क्रू मारून कड्या खालच्या प्लायला बसवल्या. शोभेच्या तर आहेत, म्हटलं.

मी शेवटच्या स्क्रूवर होतो. एका कानाला मोबाईल, दुसऱ्या गिऱ्हाइकाशी वाद चाललेला. खालून काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोने, विचारलं की याला पाळणा टांगता येईल ना. मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, “हो हो, टांगा की.” असा प्रश्न कुणी खरंच उत्तर पाहिजे म्हणून विचारतं, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

त्या पाळण्यासाठी घर किती वर्षं थांबलं होतं ते मला काही महिन्यांनी, बारशाच्या आमंत्रणाच्या फोनवर कळलं. त्यांच्या एकुलत्या एक मुलीला लग्नानंतर सात वर्षांनी मूल झालं होतं. आधीची दोन गेली होती. गुरुजी फोनवर नुसते हसत होते. पाळणा तुमच्या तुळईला बांधणार आहोत, असं ते म्हणाले की नाही, मला आठवत नाही. म्हणाले असतील आणि मी ऐकलं नसेल, तेही शक्य आहे.

मी बारशाला पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील. पुरुषमंडळी बाहेर पोर्चमध्ये खुर्च्यांवर, हॉल बायकांनी भरलेला. मी हातात चहा घेऊन दारातून सहज आत बघितलं. माझ्या दोन कड्यांना पाळणा टांगला होता. साधा नाही, शिसवी, पितळी साखळ्यांचा, चांगला दोन माणसांनी उचलावा असा. वर झेंडूच्या माळा. पाळण्याच्या बरोबर खाली लाकडी रेषांची गुळगुळीत फरशी.

पहिली गोष्ट मी काय केली असेल, तर चहा संपवला. मी स्वतःशी हिशेब मांडत होतो. चार स्क्रू, म्हणजे दोन्हीकडचे मिळून आठ. बाळ तीन किलोचं. अर्ध्या तासाचा तर कार्यक्रम. धरेल. मग मला उजव्या कडीजवळ प्लायचा जोड दिसला. मी तो लांबी म्हणजे पुट्टी भरून, रंग लावून, नखही जाणार नाही असा केला होता. आता तिथे काळी रेघ होती. मी खुर्ची दाराजवळ ओढली. रेघ रुंद झाली की मला तसं वाटतंय, ते कळेना. आत जाऊन बोलावं तर व्याही मंडळींसमोर गुरुजींची शोभा, आणि माझी तर अब्रूच. पाथर्डीपासून श्रीरामपूरपर्यंत लोक मला त्या तुळईच्या फोटोवरून काम देत होते. मी तिथे बसून हे असलं मोजत होतो, याची मला आजही लाज वाटते.

आमच्याकडे बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात जातो. त्याला कुंची घालतात, कुंकू लावतात. एक बाई पाळण्याखालून तो देते, दुसरी घेते आणि वरून परत करते. मग तो पाळण्यात ठेवायचा, आणि त्याच्याजवळ बाळाला. काकूंचा वरवंटा गावाकडचा होता, दगडी, जड. बायका हसत होत्या, नावं घेत होत्या. वरवंटा पाळण्यात टेकला, आणि मला करकर ऐकू आली. त्या गलक्यात ती फक्त मलाच कळली असणार. ते प्लाय मी कापलं होतं. पाळण्यातल्या दुपट्यावर पांढरी भुकटी पडली. कुणीतरी ती फुंकरीने उडवली.

मुलगी बाळाला घेऊन उठली.

मी चपला घालूनच आत गेलो. बायकांच्या मधून वाट काढत गेलो, एकीच्या हातातलं ताट लवंडलं. “थांबा,” म्हणालो, पण गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी मुलीच्या आणि पाळण्याच्या मधे उभा राहिलो. ती दचकून भिंतीशी सरकली.

“बाळाला ठेवू नका. कड्या नुसत्या प्लायला आहेत. वर काही नाही.”

माझ्या मागोमाग गुरुजी आत आले होते. त्यांचा चेहरा आधी हसराच होता, त्यांना वाटलं मी उगाच घाबरतोय. कड्या आजोबांच्या वेळच्या आहेत, आम्ही सगळे भाऊ याच कड्यांच्या पाळण्यात झोपलो, असं ते पाहुण्यांना सांगू लागले. आणि पटवून द्यायला त्यांनी दोन्ही हात पाळण्याच्या काठावर टेकून भार दिला.

उजवी कडी प्लायच्या फळीसकट खाली आली. पाळणा एका बाजूला कलंडला आणि वरवंटा कुंचीसकट फरशीवर आदळला. फरशी फुटली. लाकडाच्या रेषांखाली ती पांढरीफटक होती. वर तुळईला भगदाड पडलं होतं, आणि त्यातून माझ्याच माणसाने आत कोंबलेला चहाचा कागदी कप खाली घरंगळला. सगळ्यांनी आधी वर बघितलं, मग वरवंट्याकडे, मग बाळाकडे. बाळ झोपेतच होतं.

काकू माझ्यासमोर आल्या.

“मी तुमाला इचारलं हुतं,” त्या म्हणाल्या. “पाळना टांगता येईल का म्हनून.”

“हो काकू.”

“तुमी व्हय म्हनला हुता.”

“हो. मी खोटं बोललो. बघून बोललो नाही.”

गुरुजी फुटक्या फरशीकडे बघत होते. बायकांपैकी कुणी म्हणालं, स्टँडचा पाळणा भाड्याने मिळतो, अर्ध्या तासात येईल. काकूंनी मान हलवली. आत जाऊन त्यांनी आपलं एक जुनं मऊ लुगडं आणलं, दोन्ही टोकांना गाठी मारल्या, झोळी केली. एक टोक गुरुजींच्या हातात दिलं. दुसरं माझ्यापुढे धरलं.

“धरा,” म्हणाल्या.

मी चपला काढल्या आणि गाठ दोन्ही मुठींत धरली. मला वाटलं, आधी वरवंटाच ठेवतील. पण मुलीने माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं, आणि बाळाला झोळीत ठेवलं. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. समोर गुरुजी, इकडे मी, मध्ये ते तीन किलो. काकू झोका देत होत्या आणि प्रत्येक झोक्याला भार माझ्या मनगटात येत होता. दंड भरून आले, घाम डोळ्यांत गेला, पुसायला हात मोकळा नव्हता. बारसं संपेपर्यंत गुरुजींनी एकदाही नजर वर केली नाही. मी मात्र बाळाकडेच बघत होतो. पकड सैल होऊ द्यायची नाही, एवढंच डोक्यात होतं.