अहिराणीला दाखला मिळत नाही

टॅक्सीची डिकी बंद झाली तेव्हा ओझरच्या कॉलनीतले निम्मे लोक फाटकाशी उभे होते. त्यांच्यादेखत पप्पांनी मला शेवटची सूचना इंग्रजीतच केली, ‘बी कॉन्फिडन्ट.’ आई खिडकीशी वाकून म्हणाली, ‘तठे तुनासंगे बोलाले कोनी शे का नही?’ पप्पा तिला हळूच म्हणाले, ‘चारचौघांत तरी नीट बोल.’ आई खिडकीपासून मागं सरली. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची स्कॉलरशिप मिळाली होती आणि कधी एकदाची टॅक्सी सुटते असं मला झालं होतं.

पप्पा सटाण्याकडच्या खेड्यातून येऊन विमानाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. सुरुवातीला त्यांच्या बोलण्याला लोक हसायचे. पोरीच्या वाट्याला हे नको म्हणून त्यांनी मला इंग्लिश मीडियमला घातलं आणि घरात अहिराणी बंद केली. ते फर्स्ट शिफ्टला गेले की आई आणि मी अहिराणीत बोलायचो. सायकलची घंटा वाजली की मराठीत परत.

अकरावीला मराठी सोडून फ्रेंच घेतलं, तेही पप्पांच्या सांगण्यावरून. कॉलेज रोडच्या क्लासवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं, ‘स्कोअरिंग आहे.’ दोन वर्षं मी निबंध, पत्रं आणि उतारे घोकले. नव्वदच्या वर मार्क पडले, पण तोंडानं एक वाक्य बोलायची वेळ आली नाही. ज्यांनी ज्यांनी तेव्हा फ्रेंच घेतलं होतं, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

त्या विद्यापीठात पदवीसाठी एक परकीय भाषा सक्तीची होती. सल्लागार बाई माझी मार्कशीट बघून खूश झाल्या आणि मला थेट तिसऱ्या पातळीच्या फ्रेंचला बसवलं. पहिल्याच दिवशी सुट्टीत काय केलं ते सांगायचं होतं. पोरं भराभरा बोलत होती. माझी पाळी आली तेव्हा मी ‘माझा आवडता सण’ हा निबंध पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवला, कारण माझ्याजवळ तेवढंच फ्रेंच होतं. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

खालच्या वर्गात बसू द्या म्हटलं, तर नियम आडवा आला. जी भाषा येते ती पहिल्यापासून शिकली तर पदवीसाठी धरत नाहीत. येत नाही हो, असं मी परोपरीनं सांगितलं. बाईंनी मार्कशीटवर बोट ठेवलं. मग कळलं की परदेशी मुलांना या सक्तीतून सूट असते, पण शाळा इंग्रजीत झालेली नसली तर. गावच्या झेडपीच्या शाळेत शिकलेल्या माझ्या चुलतबहिणीला ती डोळे झाकून मिळाली असती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी माझी गत.

बाई तशा भल्या होत्या. त्यांनी विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? मी अहिराणी म्हटलं. त्यांच्या यादीत ती नव्हती. तरी म्हणाल्या, समितीकडे अर्ज कर, मुलगी याच भाषेत वाढली असं आईवडिलांनी लिहून दिलं तर विचार होईल. मला एवढा आनंद झाला की रविवारपर्यंत न थांबता घरी फोन लावला.

‘असं लिहून देणार नाही,’ पप्पा म्हणाले. ‘आपल्या घरात मराठी आणि इंग्लिश. बास.’

‘पप्पा, मग आई माझ्याशी काय बोलायची?’

‘ती सुधारली नाही. आता तिथल्या लोकांना सांगायचं का, की पोरगी गावठी घरातली आहे? त्यासाठी पाठवलं तुला?’

मागून आईचा आवाज आला, ‘लिखी द्या ना तिले.’ पप्पांनी ऐकलं नाही. मी रडले, भांडले. भांडले तेही इंग्रजीत.

अर्ज गेलाच नाही. शेवटी स्पॅनिश घेतलं, अगदी मुळाक्षरांपासून. उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यात गेल्या आणि दोन वर्षं घरी येता आलं नाही. विद्यापीठावरचा राग केव्हाच निवला. पप्पांवरचा निवत नाही, कारण त्यांनी जे केलं ते सगळं माझ्या भल्यासाठी केलं, आणि अशा माणसाशी धड भांडताही येत नाही. आज मला स्पॅनिशमध्ये घासाघीस करता येते, थट्टा करता येते. अहिराणी सगळी कळते, पण बोलायला गेले की दुसऱ्या वाक्याला अडते.

पप्पा रिटायर होऊन गावी राहायला गेले. मागच्या खेपेला मी फाटकाशी पोचले तेव्हा ओट्यावर ते, आई आणि काका बसले होते. पप्पा अहिराणीत काहीतरी रंगवून सांगत होते आणि मोठमोठ्यानं हसत होते. त्यांना असं हसताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी कडी काढली. ‘कम, कम,’ पप्पा उठत म्हणाले, ‘हाउ वॉज द जर्नी?’ काकांनी पाय खाली घेतले. आणि आई, जी आयुष्यभर माझ्याशी तिच्या भाषेत बोलली, ती जपून जपून शुद्ध मराठीत म्हणाली, ‘दमली असशील. बस ना.’

घर कुठं आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. फाटकाबाहेर असते तोवर ते मला ऐकू येतं, आत पाऊल टाकलं की थांबतं. घरी, आपल्या बोलीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांकडे मागणं एवढंच आहे. मी आले तरी तुमचं बोलणं चालू ठेवा.